मांजराला लंघन सोसत नाही

पशुपालकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात मांजरांचीच पत्रं जास्त आहेत. तक्रार थोड्याफार फरकानं एकच : कालपर्यंत नीट जेवणारं मांजर अचानक भांड्याला तोंड लावेना, पाणीही पिईना. कारणं मात्र प्रत्येक पत्रात निराळी निघाली, म्हणून निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत. ज्यांना छापील उत्तराची वाट पाहणं परवडणारं नव्हतं, त्यांना फोनवर आधीच कळवलं आहे.

आमची मनी पाच वर्षांची, नसबंदी झालेली, वजन साडेसहा किलो. शनिवारी घर बदललं तेव्हापासून पलंगाखाली बसून आहे. दोन दिवस काही खाल्लेलं नाही, पाणी पितानाही दिसली नाही. सासूबाई म्हणतात, रुसली आहे, पोटाला आराम मिळेल आणि वजनही उतरेल. थांबू का? (पुणे)

थांबू नका, आणि वजन उतरवायचा विचार आत्ता मुळीच नको. पोट बिघडलं की लंघन करायचं ही आपल्याकडची जुनी रीत. माणसाला ती मानवते, धडधाकट कुत्र्यालाही एखादा दिवस निभतो. मांजराचं, त्यातही जाड मांजराचं, तसं नाही. अन्न बंद झालं की शरीर साठवलेली चरबी सोडतं आणि ती यकृताकडे जाते. ती वापरायला किंवा पुढे पाठवायला यकृताला प्रथिनं लागतात, आणि मांजराला ती रोजच्या रोज खाण्यातूनच मिळावी लागतात. पुरवठा तुटला की चरबी यकृतातच साचत जाते. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतरही तो सुरू होऊ शकतो. मग मळमळ सुटते, मळमळीमुळे मांजर आणखी खात नाही आणि उपास हाच आजार होऊन बसतो, मूळ कारण साधं घरबदल असलं तरी.

तिला उजेडात घेऊन कानाची आतली बाजू, टाळू आणि डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. पिवळसर झाक दिसली तर ती कावीळ. लगेच दवाखाना गाठा. मग हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी आणि हिरडी बोटाला ओलसर, निसरडी लागायला हवी. चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सोडायची चाचणी सगळेच सांगतात, पण जाड मांजरात ती फसवते : चरबीमुळे कातडी पटकन बसते. म्हाताऱ्या, रोड मांजरात उलटं होतं, पाणी पुरेसं असूनही कातडी उभी राहते. हिरडीवर जास्त भरवसा ठेवा.

लपून बसलेली मांजरं पुष्कळदा रात्री गुपचूप खातात. त्यामुळे ‘खाल्लं नाही’ हे डोळ्यांनी ठरवू नका. रात्री ड्राय फूड किचनच्या वजनकाट्यावर मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे किती, शी झाली का, हेही लिहून ठेवा. तिला सगळं घर एकदम देऊ नका. एक खोली द्या. ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, आणि जुन्या घरातली न धुतलेली चादर. घर बदलल्याच्या धसक्यानं खाणं थांबलं असेल तर एवढ्यावर ती बहुधा त्याच रात्री थोडं तरी खाते.

मोठ्या मांजराला २४ तास पूर्ण उपास घडला की डॉक्टरांना फोन आणि ४८ तासांच्या आत प्रत्यक्ष तपासणी, ही रेघ पाळा. पिल्लांसाठी ती १२ तासांची आहे आणि सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लासाठी तेवढीही नाही. तुमचे दोन दिवस उलटलेत, म्हणून यकृत, मूत्रपिंड, साखर आणि पोटॅशियम यांची रक्ततपासणी आजच करून घ्या. लिपिडोसिस निघालाच तर गळ्याच्या बाजूनं अन्ननलिकेत नळी बसवून भरवावं लागतं, बहुधा काही आठवडे. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजर ती नळी घेऊन घरभर हिंडतं, आणि वेळेत भरवलेली बहुतेक मांजरं बरी होतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर द्यायचं नसतं. गरजेच्या पाव ते तृतीयांशापासून सुरुवात करून तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर यायचं, नाहीतर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम घसरतं.

तीन वर्षांचा बोका कालपासून खात-पीत नाही. सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, ओरडतो, खालचा भाग चाटत बसतो. बद्धकोष्ठ वाटतंय. एरंडेल किती द्यावं? (नाशिक)

एक थेंबही देऊ नका. हे बद्धकोष्ठ नसून लघवी तुंबल्याचं लक्षण आहे, असंच धरून चालायचं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत पदार्थ अडकला की तो बंद होतो. रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांतच जीव जाऊ शकतो. ट्रेमध्ये ओला गोळा आहे का एवढंच पाहा. नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. पोटात मोसंबीसारखा घट्ट गोळा हाताला लागला तर तो दाबू नका, मूत्राशय फुटतं. दवाखान्यात भूल देऊन कॅथेटर घालतात, सलाईन लावतात आणि एक ते तीन दिवस ठेवून घेतात.

सोसायटीत सापडलेलं दोन महिन्यांचं पिल्लू. नाक वाहतं, डोळे चिकटतात, शिंकतं. कालपासून खाण्याचा वास घेऊन परत फिरतं. सर्दीच आहे ना? वाफ देताना विक्स चालेल का? (कोल्हापूर)

सर्दीच, पण मांजरांची : हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूची. मांजर खाणं वासावर ठरवतं. नाक बंद म्हणजे त्याच्या लेखी समोर अन्नच नाही. कॅलिसीत जिभेवर फोडही येतात, मग वास आला तरी खाता येत नाही. तोंड उघडून जीभ पाहा.

बाम, कापूर, निलगिरीचं तेल यातलं काहीही नको, वाफेत नको आणि अंगालाही नको. मांजराच्या यकृताला ते पचत नाही. माणसांचे नाकात घालायचे थेंबही नकोत. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावा आणि पिल्लाला घेऊन त्या वाफेत १० ते १५ मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. नंतर नॉर्मल सलाईनच्या कापसानं नाक-डोळे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. लगेच खायला द्या, नाक तेवढ्यापुरतंच मोकळं असतं. ओल्या तयार खाण्याचा पाऊच गरम पाण्यात बुडवून अंगाच्या उबेइतका कोमट करा, म्हणजे वास सुटतो. मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर नीट ढवळा, मधला भाग चटका देतो.

पिल्लू हाताला गार लागत असेल तर आधी ऊब, मग अन्न. गार पिल्लाचं पोट चालत नाही, घातलेलं दूध घशाशी येऊन फुप्फुसात जातं. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा, पण सरकून लांब जायला जागा ठेवा.

तापासाठी पॅरासिटामॉल कधीच नाही. माणसाची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घ्यायला पुरते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली तर तिच्यामागून पाच-सहा मिली पाणी किंवा चमचाभर पातळ खाणं गेलंच पाहिजे. नुसती गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते, आणि सर्दी बरी झाल्यावर मांजर पुन्हा खाणं सोडतं ते त्या जखमेनं.

आणखी एक गोष्ट ओळखून ठेवा. उलट्या, ताप, आणि पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं पण न पिणारं पिल्लू : हे पॅनल्युकोपेनिया या विषाणूच्या आजाराचं चित्र आहे. त्यात तासांचा हिशेब असतो. लस न घेतलेल्या दुसऱ्या मांजरांना त्या खोलीत आणू नका. विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो. साधं ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग असं करून, दहा मिनिटं ठेवून पुसलं तर मरतो. मिश्रलस आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची असते. एकच टोचून थांबणारे फार आहेत.

आमची मांजरी भुकेनं ओरडत येते, भांड्यात तोंड घालते आणि चटका बसल्यासारखी मागे होते. लाळ गळते. पाणीही एक-दोनदा चाटून सोडते. (नागपूर)

छान निरीक्षण आहे, आणि यातच अर्धं निदान आहे. भांड्याकडे फिरकतच नाही ती बहुधा मळमळ, ताप किंवा भीती; जाऊन माघार घेते ते तोंडाचं दुखणं. दाढांपाशी लालभडक हिरड्या, मुळाशी झिजून खड्डा पडलेला दात, घशाजवळची सूज, टाळूत आडवा अडकलेला माशाचा काटा किंवा कोंबडीच्या हाडाचा तुकडा, यांतलं काहीतरी सापडेल. सूज घशापर्यंत असेल तर नुसत्या अँटिबायोटिकनं चार दिवस बरं वाटतं आणि दुखणं परत येतं. दात काढावे लागतात.

दात स्वच्छ असतील तर फरशीचा विचार करा. फिनेलनं पुसलेली ओली फरशी, तीवरून चालून गेलेलं मांजर आणि मग पंजे चाटणं, एवढ्यानं जिभेवर फोड येतात. डेटॉलचंही तेच. पंजे साध्या कोमट पाण्यानं धुवा, उलटी करवू नका, आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. घरात मांजर असेल तर फरशीला साबणपाणी पुरे.

गौरी-गणपतीनंतर मांजर दिवसातून चार-पाचदा उलटी करतंय, खाणं-पाणी बंद. पोटात केसांचा गोळा असेल का? (ठाणे)

असेल, पण सणानंतर आधी दोन गोष्टी हुडका. पहिली दोरा : हाराचा, गजऱ्याचा, मखराची चमकी, सुईत ओवलेला, संक्रांतीला मांजा. मांजराची जीभ खरखरीत असते आणि तिचे काटे आतल्या दिशेला वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकता येत नाही, गिळलाच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, उरलेला आतड्यात उतरतो आणि आतडं नाडीच्या चुण्यांसारखं गोळा होतं. अंगठ्यानं हनुवटीखालच्या मऊ भागातून वर दाबलं की जीभ उचलली जाते आणि खालचा दोरा दिसतो. दिसला तरी ओढायचा नाही, शेपटीकडून बाहेर आलेलाही नाही. ताणलेला दोरा आतडं कापतो. दोरा एक्स-रेत दिसत नाही, आतड्याचा गोळा झालेला दिसतो, म्हणून सोनोग्राफी सांगतील. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते.

दुसरी गोष्ट फुलं. हारात येणारी पांढऱ्या कळ्यांची लिली वेगळ्या कुळातली. तिनं उलट्या होतात, लाळ गळते, इतकंच. पुष्पगुच्छातली मोठ्या सहा पाकळ्यांची, तपकिरी परागांची ओरिएंटल किंवा एशियाटिक लिली, आणि बागेतली डे लिली, यांचा पराग अंगावरून चाटला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराचं मूत्रपिंड जातं. आधी उलट्या, मग काही तास बरं वाटतं आणि लोक निश्चिंत होतात. एक ते तीन दिवसांत लघवी बंद. पहिल्या १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते. लक्षणं दिसायची वाट पाहू नका.

सिरिंजनं भरवायचं कसं? दर वेळी झटापट होते आणि ती आणखीच पळते. भूक वाढवायला मुलांचं सिरप देऊ का? (डोंबिवली)

झटापट होत असेल तर थांबा. मळमळत असताना कोंबलं की मांजर त्या अन्नाचाच तिटकारा धरतं, आणि तो महिनाभरही टिकतो. आधी उलटी-मळमळ थांबवणारं इंजेक्शन, मग भरवणं. तोंड दुखत असेल, श्वास जलद चालत असेल किंवा मान टाकली असेल तर घरी भरवूच नका.

मांजर मांडीवर, तोंड तुमच्यापासून पलीकडे, अंगाभोवती टॉवेल. मान सरळ ठेवा. वर केलीत तर अन्न श्वासनलिकेत जातं. सुळ्याच्या मागे दातांमध्ये फट असते, तिथून बाजूनं सिरिंजचं टोक घाला आणि अर्धा ते एक मिली सोडा. गिळलं की पुढचं. पहिल्या वेळी पाच-सहा मिलीवर थांबा, दोन-तीन तासांनी पुन्हा. ओठ चाटत राहणं, लाळ, मान फिरवणं दिसलं की त्या वेळचं बंद. औषध या अन्नात मिसळू नका. नको असलेलं भांडंही नाकासमोर ठेवून जाऊ नका, वीस मिनिटांत उचला.

माप म्हणाल तर चार किलोच्या मांजराला पडून राहायलाच दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. म्हणजे ५० ते ५५ ग्रॅम ड्राय फूड, किंवा ८५ ग्रॅमचे साधारण तीन पाऊच, किंवा १२० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं चिकन. चिकनच्या पाण्यात कांदा-लसूण नको, पावडरही नको. त्यानं लाल पेशी फुटतात. लहान बाळांच्या तयार खाण्यात कांद्याची पूड असू शकते, डबी वाचून घ्या.

मुलांच्या भुकेच्या सिरपमध्ये बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. मांजरांसाठी हल्ली डॉक्टर मिर्टाझेपिन देतात. ही दोन औषधं एकमेकांचा परिणाम मारतात. मिर्टाझेपिन जास्त झालं तर मांजर रात्रभर ओरडत येरझारा घालतं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं. म्हणून वजन सांगून लिहून घ्या, शेजाऱ्यांच्या मांजराची गोळी उसनी नको.

तालुक्याला फक्त गुरांचे डॉक्टर आहेत. मांजर घेऊन गेलं तर हसतील का? (दापोली)

हसले तर हसू द्या. पदवी तीच असते. ताप मोजणं, मूत्राशय चाचपून पाहणं, तोंड तपासणं, सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन, एवढं तिथे होतं आणि पहिल्या दिवशी एवढंच लागतं. जाताना माहिती नीट न्या : शेवटचं खाणं केव्हा, शेवटची लघवी केव्हा, उलटीचा फोटो, अचूक वजन. मांजराचा ताप गुदद्वारातून मोजतात, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा. ९९च्या खाली उतरला असेल तर तो तापापेक्षा वाईट. डोस गुरांच्या हिशेबात जाऊ नये म्हणून वजन तोंडानं सांगा, आणि पॅरासिटामॉल, निमेसुलाइड, डायक्लोफिनॅक यांपैकी काही भरलं जात असेल तर नम्रपणे थांबवा. पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, नाहीतर महाविद्यालयांचे दवाखाने : परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. परळचं महाविद्यालय १८८६ पासूनचं आहे.

चौदा वर्षांची मांजरी. वर्षभर पाणी खूप प्यायची, आता अचानक पाणी आणि खाणं दोन्ही बंद. तोंडाला घाण वास. (सोलापूर)

वर्षभर जास्त पाणी पिणं हीच पहिली खूण होती : मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नव्हतं, ती पाणी पिऊन भर काढत होती. आता युरिया चढल्यानं मळमळ आणि तोंडात फोड. क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, पोटॅशियम, साखर, लघवीचं विशिष्ट गुरुत्व (म्हणजे दाटपणा) आणि रक्तदाब तपासा. जास्त पाणी पिण्याचं कारण मधुमेह किंवा थायरॉइडही असू शकतं. मूत्रपिंडच निघालं तर कातडीखाली सलाईन द्यायला घरी शिकता येतं, पण हृदयाची तपासणी झाल्याशिवाय नको. कमजोर हृदयाला ते पाणी झेपत नाही. मूत्रपिंडाचं खास अन्न पहिल्याच दिवशी पुढे करू नका. मळमळीत दिलेलं अन्न ती कायमचं नाकारेल. आधी जे खाईल ते, सावरल्यावर बदल.

गावाहून आणलेलं तीन महिन्यांचं पिल्लू फक्त दूध-भात खातं. पाकिटातलं ठेवलं तर दिवसभर उपाशी राहतं, पाणीही पीत नाही. भूक लागली की झक मारून खाईल ना? (रत्नागिरी)

नाही, आणि ताणून पाहू नका. मांजराला मांस-मासळीतून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य दूध-भातात जवळजवळ नसतं. ते महिनोन्‌महिने कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही निकामी होतात, म्हणून बदल हवाच, पण हळू. आठवडा-दहा दिवसांत करा : आधी भातात पाव हिस्सा कुस्करलेलं वेट फूड किंवा शिजवलेला मासा, काटे काढून, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण. दूध रोज थोडं पातळ करत न्या. शेवटी नुसतं मांस-मासेच राहू नयेत, पिल्लांसाठीचं तयार अन्न मुख्य असावं. पाण्याची काळजी तेवढी नको. मोठ्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं. वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे त्यावर असलेलं मांजर वाटीकडे फारसं जात नाही. ड्राय फूडमध्ये जेमतेम १० टक्के. त्यावर आणल्यावर मात्र पसरट वाटी घ्या, काठोकाठ भरा, खाण्याच्या भांड्यापासून आणि ट्रेपासून लांब ठेवा आणि पाणी रोज बदला.